इतर

ऐरोलीला सातव्या मजल्यावर माझं टेबल,
काचेपलीकडे खाडी, तिवरं, विजेचे मनोरे.
मी मोजते.
नोंदणी एकेचाळीस हजार दोनशे सोळा,
कोर्स पूर्ण केलेले एक हजार नऊशे तीन.
मधल्यांना आम्ही गळती म्हणतो,
जणू कुठेतरी नळ आहे
आणि वॉशर बदलला की भागेल.

पहिल्या आठवड्यात सगळे येतात.
ओळख करून द्या म्हटलं की रात्री दोनला लिहितात:
मी कळव्याहून.
मी रबाळे एमआयडीसी, रात्रपाळी.
मी दोन मुलांची आई, पण आता करणारच.
त्या करणारच-मधला च
दुसऱ्या आठवड्याच्या चाचणीपर्यंत टिकतो.
मग आलेखाची रेघ सुटते
पारसिकच्या उतारावर ब्रेक गेलेल्या सायकलीसारखी.

गप्प झालेल्यांना फोन करा, साहेब म्हणाले. रोज तीस.
कोणी उचलत नाही. कोणी आधीच म्हणतं, कर्ज नकोय.
एकाने विचारलं, कुठला कोर्स?
एकजण रडला. त्याचं मी काही नोंदवलं नाही.

यादीत एकशे बारावी: नीरा मढवी, गोठिवली.
हिशेबाचा कोर्स, आठ आठवड्यांचा.
थांबली कुठे: तिसरा आठवडा, चौथा धडा, व्याज.
तो एकच धडा एकोणीस वेळा पाहिलेला.
मला वाटलं, अडली असेल बिचारी.

"अडतेय कशाला," ती म्हणाली. मागे कोणीतरी बोंबील मोजत होतं,
सात, आठ, अगं हात काढ, नऊ.
"बचत गटाची वही होती आमची.
सहा वर्षं व्याज चुकीचं धरलेलं, सत्तावीस बायांचं.
ते काढलं. ज्याचं त्याला दिलं."
आणि पुढचे धडे?
"मना तवराच पायजे व्हता, बाय."

फॉर्मवर चार चौकोन.
वेळ नाही. अवघड वाटलं. नेट नाही. इतर.
इतर-पुढे जागा वीस अक्षरांची,
सत्तावीस बाया तिथे मावत नाहीत.
मी नुसती खूण केली.

फोन ठेवायच्या आधी तिनेच विचारलं,
"ते सर बरे हायेत ना आता?
त्या धड्यात जाम खोकत होते.
कोनी पानी पन देईना."

संध्याकाळी मजला रिकामा झाल्यावर तो धडा लावला.
माझंही नाव आहे त्या कोर्सात, ऑफिसने घातलेलं,
सहा टक्क्यांवर.
चित्रण चार वर्षांपूर्वीचं. फळ्यावर मुद्दल, दर, मुदत.
नवव्या मिनिटाला सर थांबतात,
मूठ तोंडाशी नेतात,
एकदा, मग परत,
आणि माफ करा म्हणतात, कोणाला ते कळत नाही.

पाणी होतं.
टेबलाच्या टोकाला ग्लास, वर झाकण ठेवलेला,
हातभर लांब.
मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं.