यादी

ठाण्यातून फोन : गावातले 'ते' किती,
संध्याकाळपर्यंत कळवा.
दूर कुठं स्फोट झाला होता, टीव्हीवर
एकच बूट पुन्हा पुन्हा दाखवत होते.

मी पोलीस पाटील. रकाने आखले.
घर एक. माणसं चार. धंदा : पिंजारी.
'कधीपासून राहतात' पाशी पेन थांबला.
मारुतीच्या पाराला चुना लागला त्याच्या आधीपासून,
हे रकान्यात मावत नाही.

जमादारानं धनुकलीची तात
बोटानं छेडून पाहिली. ही कशाची?
बकऱ्याचं आतडं, साहेब.
बकऱ्याचंच?
मन्नानभाई नुसता पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी शेवंता आली
पोरीच्या रुखवताची गादी मागायला.
"राहू द्या ना भाऊ, तसाच द्या कापूस."
मग कुंभाराची सून. मग आणखी दोघी.
ढिगातला आपला कापूस कोणता
कोणालाच सांगता येईना.

माझीही रजाई होती त्याच्याकडे.
मी गेलो नाही. पोराला पाठवलं.
मन्नान स्वतःच घेऊन आला, खांद्यावर.
"अर्धीच भरली, पाटील. पैसे काहून देता?"

यंदा थंडी गजब आहे.
पायाकडून भरली आहे रजाई,
छातीवर नुसतं कापड.