थकबाकीदाराचे नाव

दारावरची नोटीस खरवडावी लागली नाही,
खळ ओली होती, अलगद सुटली.
'उकिडवे मनोहर त्र्यंबक.'
खाली पत्ता आमचा. धनकवडी, दुसरा मजला, फ्लॅट सहा.
एक लाख एकेचाळीस हजार दोनशे आठ.
त्यात निम्म्याहून जास्त शास्ती,
महिन्याला शेकडा दोन,
आम्ही झोपलेलो असतानाही वाढणारी.

मी लॅबमध्ये रक्त तपासते.
बारा वर्षांत एकाही नळीवर
दुसऱ्याचं नाव चिकटू दिलं नाही.
आणि हे.

खरेदीखत काढलं. पान नऊ:
'सदर मिळकत निर्वेध व बोजारहित आहे.'
सही करताना निबंधकाच्या डोक्यावर पंखा करकरत होता,
अंगठ्याची शाई पुसायला चिंधी मिळेना,
आणि ह्यांनी पेढे आणले होते.
वकील आता म्हणतात, ते वाक्य सगळ्यांच्याच खतात असतं.

क्षेत्रीय कार्यालय, खिडकी तीन.
काची नावाचे गृहस्थ. मटकीच्या डब्यावर झाकण ठेवत म्हणाले,
'ताई, कर माणसाला नसतो, भिंतींना असतो.
माणूस जातो निघून. भिंती कुठं जातात?'
मग आवाज उतरवून:
'मार्चअखेर बँड वाजवतात दारापुढं.
त्याआधी बघा काय ते.'

दलालाकडून पत्ता काढला. आंबेगाव, मुलीचं घर.
भांडायची वाक्यं रिक्षात पाठ केली.
दार त्यांनीच उघडलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं.
'या. मार्चच्या आत याल असं वाटलंच होतं.'

'पैसे नव्हते म्हणून नाही भरला, असं नाही,' ते म्हणाले.
'बाल्कनी. अकरा चौरस फूट जास्त धरलीय त्यांनी.'
फाईल आणली. सतरा पत्रं,
प्रत्येकाची कार्बन प्रत, प्रत्येकीवर आवक शिक्का,
उत्तर एकाचंही नाही.
अकरा फुटांचे वर्षाला किती होतात? मी विचारलं.
'तेव्हा नव्वद रुपये.'
मग बाकीचा तरी भरायचा होता.
'बाकीचा भरला की अकरा फूट मान्य केल्यासारखं होतं.'

आणि आम्हाला का नाही सांगितलंत?
त्यांनी एक पेन काढलं, टोपण उघडलं, लावलं.
'सांगितलं असतं तर घेतला असतात?'
आतून मुलगी म्हणाली, 'बाबा, गोळी.'
ती बाहेर आली, पाणी ठेवलं,
माझ्याकडे पाहिलंच नाही.

निघताना त्यांनी चेक दिला, बत्तीस हजारांचा.
'हे मूळ कराचे. आहेत तेवढे.
शास्तीचा एक पैसा देणार नाही,
शास्ती मला मान्यच नाही.'
आणि फाईल माझ्या हातात:
'ही आता तुमची. मिळकतीबरोबर जाते.'
पाठ केलेली वाक्यं
तशीच परत घेऊन आले, उतारावरून चालत.

उरलेले पतसंस्थेतून काढले, पाटल्या ठेवून.
काचींनी नोटा दोनदा मोजल्या, तिसऱ्यांदा बोट ओलं करून.
पावती आली:
'श्री. उकिडवे मनोहर त्र्यंबक यांजकडून मिळाले.'
माझं नाव कुठेच नाही.
'नाव बदलायला वेगळा अर्ज,' काची म्हणाले,
'थकबाकी नसल्याचा दाखला जोडून.'
दाखल्यासाठी खिडकी पाच.

गेल्या रविवारी टेप घेऊन बाल्कनीत बसले.
कढीलिंबाची कुंडी सरकवली, वाळत घातलेला टॉवेल काढला.
एकदा मोजलं. मग लॅबमध्ये मोजते तसं,
पहिला आकडा विसरून, पुन्हा.

जास्तच धरलीय. पण अकरा नाही,
साडेनऊ.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, आता तू सुरू होऊ नकोस.
नाही होणार, म्हटलं.
फाईल कपाटात वरच्या कप्प्यात आहे.
सतराव्या पत्रामागे एक कोरा कागद,
त्यांनीच लावून ठेवलेला,
कार्बनसकट.