दुसऱ्या भागासाठी मोजमाप

शेवटी पाटी आली, पुन्हा भेटू.
दिवे लागले. अंबादास म्हणाला, चल बे, पाळी चुकंल.
म्हणून घाईत लिहितोय, साहेब,
सूतवाल्याच्या बिलामागं.

तुमच्या जनावराला वजन नाही.
तीनशे फूट लांब म्हणता
आणि चालतं दोरीवरच्या परकरासारखं.
एप्रिलात दुपारी अक्कलकोट रोडला या.
डांबर मऊ होतं, माझी चप्पल रुतते,
मी पंचावन्न किलोचा.
त्याचा पाय रुतू द्या.
उपसताना चर्र वाजू द्या,
तळव्याला डांबर, डांबराला कुणाची तरी सायकल
कॅरिअरच्या डब्यासकट.
मग घाबरतो मी.

आणि रात्र पुरे.
धूर, पाऊस, अंधार, त्यात दीड तास
आम्ही त्याची शेपटी शोधली.
गड्ड्याच्या जत्रेत दोन तोंडांचं वासरू दाखवायचे,
दहा पैसे तिकीट,
तो तंबूवालासुद्धा बल्ब लावायचा.

ओरडणं कमी करा त्याचं.
छत्तीस वर्षं मागापाशी उभा आहे,
डावा कान गेला, उजवा जायला निघालाय.
आवाजाला आम्ही भीत नाही.
खटखट थांबली की भितो.
लाइट गेली, का धागा तुटला, का मालकानं
बोलावलंय आत एकेकाला.
गिरणीचा भोंगा ज्या सकाळी झाला नाही
त्या सकाळी आईनं पीठ मळलं
आणि तशीच बसून राहिली परातीपाशी, हात पिठात.
तेवढा वेळ शांत ठेवा थेटर.
जमलं तर.

तुमची माणसं नुसती पळतात.
एक बाई मागं वळली नाही!
आमची नरसम्मा वळली असती,
सुपात नऊशे विड्या झालेल्या, शंभर बाकी.
आणि चार दिवसांनी नळाला पाणी आलं असंल
तर तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहू दे,
म्हणतील, थांब रे जरा, ही घागर भरू दे.

हे सगळं नाही जमलं तरी चालंल.
पण शेवट.
बाँब पडला, ते पडलं, ऊन आलं,
हिरोनं हिरोइनीला जवळ घेतलं
आणि मागं ते तसंच, उघडं.
डोळा पण मिटला नव्हता.
पिक्चर सुटेपर्यंत मी तिथंच बघत होतो.
दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं कोण आलं?
झाडू घेऊन कोण, पंचनामा कुणी केला,
माशा किती?
दुसरा भाग तिथून सुरू करा.

झाकायला लागंल त्याला.
चादर साठ बाय नव्वद, म्हणजे पाच फूट, साडेसात फूट.
लांबीला चाळीस.
पाठीवरून दोन्हीकडं जमिनीपर्यंत ऐंशी फूट धरलं,
तर रुंदीला सोळा.
सहाशे चाळीस चादरी. शिवण धरली नाही.
एक माग पाळीला दहा काढतो,
एका मागावर चौसष्ट पाळ्या,
तोवर वास सुटंल.
चौसष्ट माग लावले तर
एका पाळीत होतंय.

बापाच्या वेळी चौसष्ट माग म्हणजे
आमची एक गल्ली. त्यातला कोपरा सोडून.
आता फिरावं लागंल.
कोंड्याल यांच्याकडं चार चालू आहेत,
इलय्याचे दोन, एक त्यातला लंगडा.
बाकीचे किलोवर गेले.
यल्लप्पाच्या शेडमध्ये मंगल कार्यालय झालंय,
तिथं माग नाही, पण त्याला विचारतो,
त्याला सगळ्यांचे पत्ते माहीत आहेत.

अंबादास हाका मारतोय.
मयूरपंखी काठ घालतो, त्याचे वेगळे पैसे नकोत.
रंग गडद धरलाय.
फक्त एक कळवा लवकर,
तोंड झाकायचं की उघडं ठेवायचं,
तुमच्याकडं काय रीत आहे.