खाट अकरा ते सोमेश्वर

ऑपरेशन पाऊण तासाचं.
पुढचं कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे हे, की गुंगी उतरता उतरता
शरयू माझ्याकडे बघून मलाच विचारेल
आई कुठाय,
आणि मी म्हणेन, निघालीय, येईलच.

पाणी नाही. ओल्या कापसानं ओठ पुसायचे फक्त.
ब्राह्मणे सिस्टर म्हणाल्या, पोट झोपलंय अजून, जागं होऊ द्या.
जागं झालं हे कळणार कसं?
तर चार्टवर लिहिता लिहिता, मान वर न करता :
पादली की सांगा.

मी पिंपळगावला, द्राक्षांच्या पॅकहाउसला.
घड उलटा धरायचा, बारकी कात्री,
एक मणी सडका दिसला की तेवढाच काढायचा
शेजारच्याला धक्का न लावता.
म्हणून तिला म्हटलं, तुझ्या पोटातही एवढंच केलं.
ती बराच वेळ छताकडे बघत राहिली.
मग तो मणी कुठे टाकला?
क्रेटमध्ये?

मला सांगता आलं नाही.

रात्री तीनला ती गप्प होती, मुठी आवळून.
मला वाटलं, किती शहाणी माझी पोर.
सिस्टरने मूठ उघडली बोटबोट करून
आणि रागावल्या, तिच्यावर नाही, माझ्यावर.
दुखणं लहान असतानाच औषध द्यायचं असतं,
ते मोठं झाल्यावर नाही.
तिला सांगू दे. तुम्ही विचारा.
आमच्या घरात विचारत नाहीत.
पाय मुरगळला तरी आधी दूध तापवून घेतात.
त्या रात्री पहिल्यांदा मी विचारायला शिकले :
किती दुखतंय? करंगळीएवढं, की हाताएवढं?
दाराएवढं, ती म्हणाली, आणि रडली एकदाची.

दुसऱ्या दिवशी चालायचं होतं.
चालणार नाही, टाके उसवतील, सगळं बाहेर येईल.
मी बिस्कीट दाखवलं. सायकल कबूल केली.
शेवटी कौतिक मावशी आली, फरशी पुसायचं सोडून,
सलाईनचा स्टँड धरला दांडीसारखा
आणि अख्ख्या वॉर्डात आवाज टाकला :
चला, शालिमार, सीबीएस, मायको सर्कल,
जेहान सर्कल, गंगापूर रोड, सोमेश्वर!
सुटे पैसे काढून ठेवा!

पोटाशी उशी घट्ट धरून
एक प्रवासी उठला. वाकडा, म्हाताऱ्यासारखा.
खाट दहा शालिमार. खाट नऊ सीबीएस,
तिथे जरा थांबावं लागलं, गर्दी फार.
खाट सातला डुलकी, म्हणजे मायको सर्कलचा सिग्नल.
कोपऱ्यातला नळ, ज्याचा वायसर गेलाय महिनाभर,
तो सोमेश्वर.
धबधब्याला पाणी कमीच यंदा, मावशी म्हणाली,
आणि शरयू हसली,
आणि हसता हसता उशी दाबून ओय ओय करत
वाकली,
आणि

झालं.

नळाच्याही वर ऐकू आलं.
खाट सातचा बाप उठून बसला.
कोणीतरी टाळी वाजवली.
मी धावत गेले सिस्टरला सांगायला,
वीस पावलं, पण नीट सांगता येईना,
पदर तोंडाला, हसू की काय ते कळेना.
त्यांनी घड्याळ बघून वेळ लिहिली. अकरा दहा.
दोन चमचे पाणी द्या, म्हणाल्या. घाई नको.

पाणी पिताना तिने डोळे मिटले होते.

खाट बारावर पेठकडचा दौलत, पायाला सळई घातलेला.
चार दिवस भिंतीकडे तोंड.
आई मजुरीवर, काका डबा ठेवून जातो.
घरी सोडायच्या दिवशी
शरयूने गोळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला,
त्यावर पेनने लिहिलं : सोमेश्वर, हाफ,
आणि त्याच्या उशीवर ठेवलं.

आम्ही पिशव्या भरत होतो. कागद, एक्स-रे, अर्धी उरलेली बाटली.
दौलत वळला नाही.
फक्त पाठमोराच म्हणाला,
हिच्यात पाय लांब करून बसता येतं का?

मावशीने स्टँड हलवून बघितला.
सीट राखीव हाये, म्हणाली.