साठ ओव्हरसाइझ

उद्यमबागेत, तिसऱ्या गल्लीत,
महांतेश लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवतो,
मूठ कानाला लावतो
आणि डोळे मिटून माझी अॅम्बॅसॅडर ऐकतो.
मी पर्समधून स्टेथोस्कोप काढला.
तो हसला नाही. बाजूला सरकला फक्त.

तिसऱ्या सिलिंडरपाशी मलाही ऐकू आलं.
सुकी, बारीक खरखर.
श्रावणात जांबोटीहून आणलेल्या पोरांच्या छातीत असायची, तशी.
आणि मागून निळा धूर.
खानापूरपासून इथवर
मागच्या गाड्यांनी काचा वर करून घेतल्या होत्या.

"सिस्टर, वीस झालं, चाळीस झालं,
आता साठ ओव्हरसाइझचे पिस्टन हायत आत.
ह्याच्या पुढं बोअर मारायला भिंतच उरली नाही. साकु."
साकु म्हणजे पुरे.
पण तो शब्द त्यानं असा ठेवला,
आटे गेलेला नट बोटांत फिरवून
डब्यात टाकतात तसा.

दोन वाटा.
चारी सिलिंडरांत स्लीव्ह ठोकायच्या,
परत स्टँडर्डवर यायचं,
क्रँक दस्तगीरकडे ग्राइंडला. अडतीस हजार.
नाहीतर कोल्हापुरात एक इसुझू इंजिन आहे,
गाडी सडली, इंजिन नाही.
पाच गिअर. चढाला गाणं म्हणत जातं म्हणे.
बासष्ट हजार, फिटिंग वेगळं,
शिवाय आरसी बुकात नंबर बदलायचा:
अर्ज कन्नडात, कोल्हापूरची पावती मराठीत,
आणि मधे मी, अॅफिडेव्हिट घेऊन.

डॉक्टर तिनेकरांनी ही मला हप्त्यांनी दिली,
पगारातून महिना तीनशे कापून.
बेचाळिसाव्या वर्षी मी क्लच शिकले.
कणकुंबीच्या वळणावर, मागच्या सीटवर, एक मुलगा झाला.
तो आता वीज खात्यात आहे.
माझ्याच दारातल्या खांबावर चढतो,
"काकू, फ्यूज गेलाय" म्हणतो.
मी त्याला कधी सांगितलं नाही.

पण त्या रात्रीचे पिस्टन तर केव्हाच भंगारात गेले.
रिंगा गेल्या, व्हॉल्व्ह गेले, सीटचं रेक्झिनही बदललं.
तेव्हा हे सगळं हिशेबात धरायचं नाही,
असं मी स्वतःला बजावलं.
आणि तरी धरलंच असणार थोडं.

दस्तगीर आला, शर्टाच्या खिशात मायक्रोमीटर,
पेनासारखा.
"स्लीव्ह घातलासा तर चाळीस हजार किलोमीटर
कुठं जात नाही बघा."
"कोण? गाडी का मी?"
महांतेश आता मात्र हसला.
"इसुझू घ्या सिस्टर, दीड लाख बघायला नको."

दीड लाख!
दीड लाख किलोमीटर मी जाणार कुठं?
आठवड्याला एकदा बेळगाव,
महिन्याला एकदा बहिणीकडे नंदगडला,
कुणाचं पोट दुखलं तर रात्री कुठंही.
चाळीस हजारांत दहा वर्षं बसतात.
दहा वर्षांनी मी शहात्तर.
डाव्या डोळ्याला आत्ताच समोरचे दिवे फुलासारखे दिसतात.
"स्लीव्ह घाल," म्हटलं.
"आणि जुने पिस्टन मला दे."
"काय करणार?"
"बघते."

एकोणीस दिवसांनी गाडी मिळाली.
पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर नको, अशी ताकीद.
देसूरच्या पुढे एक लॉरी पाठीला लागली,
हॉर्न, परत हॉर्न,
मग शेजारी येऊन क्लीनरनं शिवी दिली,
आधी कन्नडात,
आणि समजली नसेल म्हणून मराठीत.
दोन्ही समजल्या.
मी हात बाहेर काढून म्हटलं, जा बाबा.

तिसऱ्या सिलिंडरपाशी अजून काहीतरी होतं,
की माझ्याच कानात होतं?
स्टेथोस्कोप मागच्या सीटवर,
पिशवीत, त्या चार पिस्टनांबरोबर वाजत होता.
गणेबैलला थांबून बघू, म्हटलं.
गणेबैल आलं.
थांबले नाही.