चोपन्न की बावन्न

ऑर्लेमच्या दुकानात बाप्टिस्टानं
मांड्यांमध्ये जाडसर पुस्तक धरायला लावलं,
भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली.

"रोडबाईक चोपन्न? ते विसरा.
हिच्यावर कोपरं टेकायची,
सीट पुढं येते, पाठ आडवी होते.
बावन्न बघा."

आई गणवेश शिवून घ्यायची
वाढत्या अंगाचा, चार बोटं दुमड ठेवून.
मी म्हटलं, मोठीच द्या.

चोपन्नवर ओणवी झाले.
मान आखडली, हात हँडलकडे
उसनं मागायला निघाल्यासारखे.

बावन्नवर कोपरं आपसूक टेकली.
बाहेर मार्वे रोडवर बस खोळंबलेली, हॉर्न,
आणि श्वास पोटापर्यंत उतरला.

"उंची वाढणार आहे का अजून?"
टेप गुंडाळत त्यानं विचारलं.

एकेचाळीस वर्षांची मी
खरंच क्षणभर विचारात पडले.