फटकी

रविवारी देवळात सगळे हात वर करतात
तेव्हा माझे तळवे आपोआप मिटतात.
सहा दिवस नंदुरबारच्या पथारीवर
मिरचीचे देठ खुडलेले हात.
साबण लावा, ताक लावा, राख चोळा,
आग आत जाऊन बसते
आणि रात्री अंथरुणात उठून बसते.

डोळे पुसायचे नाहीत, हा तिथला पहिला नियम.
रडू आलं तर येऊ द्यायचं,
गालावरच वाळू द्यायचं.
म्हणून माझी प्रार्थना उघड्या डोळ्यांची,
तोंडाला फडकं बांधलेली,
शिंकेच्या अलीकडे एक शब्द,
पलीकडे आमेन.

जसूबाई विचारते, 'काय पुटपुटी राहिनी वं माय?'
मी म्हणते, 'हिशोब.'
खोटं नाही ते.
गुडघा आज वाकला, आभार.
केतुराचा ताप उतरला, आभार.
टेम्पोत बसायला जागा मिळाली, आभार.
मुकादमाने काटा मारला,
ते तू बघ.

नाताळाला वीस दिवस होते.
तोरणमाळकडून ढग आला,
खाली पथारी लालच लाल, नजर पोचेल तिथवर,
आणि ताडपत्र्या अर्ध्या.
आम्ही धावलो, ओढल्या, दगड ठेवले,
वाऱ्याने दगडांसकट उलटवल्या.
धावता धावता मी म्हणाले, थांबव.
मोठ्याने म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं.

त्याने थांबवलं नाही.

सकाळी शेटने वाकून एक मिरची उचलली,
हुंगली,
टाकून दिली.
आठवडाभर काम बंद.
जसूबाईने माझ्याकडे बघितलं,
विचारलं काही नाही.
ते न विचारणं
मिरचीपेक्षा झोंबलं.

त्या आठवड्यात मी देवाशी धड बोलले नाही.
ज्वारीचं पीठ तळाला गेलं
तेव्हा फक्त डबा उघडून दाखवला :
बघ, एवढंच.
डबा भरला नाही.
मी भाकरी लहान थापल्या.
पुरल्या.

मग हंगामाचा सण.
वेदीपुढे तुरीच्या शेंगा, पपयांची रास,
योनाथान मास्तरांचा पाय बांधलेला कोंबडा,
उपदेशात मध्येच आपलं मत मांडणारा.
मी नेली एक पिशवी, फटकीची.
फटकी म्हणजे रंग उडालेली,
निवडताना न बघताच बाजूला फेकतो ती.
पावसानंतर ढीग पडला होता,
शेट म्हणाला, न्या कोणाला हवी तर.
रिकाम्या हाताने जायचं नव्हतं,
म्हणून नेली,
आणि पपयांच्या मागे सरकवली.

उपासनेनंतर लिलाव.
कोंबडा चारशेला गेला.
पाळकांनी पिशवी उचलली, 'ही कोणाची?'
हात वर करावाच लागला.
बोटांच्या चिरा, लाल तळवा,
सगळ्या मंडळीसमोर उघडा.

'दहा,' कोणी म्हणालं.
'पाचशे!' एक पोरगं ओरडलं, खिशात गोट्या असलेलं.
सगळे हसले. मीसुद्धा,
पावसानंतर पहिल्यांदा.
तीस रुपयांना वळवीबाईंनी घेतली.
एक मिरची मोडून जिभेला लावली,
डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.
'रंग काय चाटाना शे? तिखट तं शे ना!'

सोमवारी पथारी पुन्हा मांडली.
ऊन कडक, वारा पडलेला.
पाऊस का थांबवला नाहीस
हे विचारायचं राहिलंय अजून.
विचारीन.
घाई नाही, रोजच गाठ पडते.
पहिला देठ खुडला.
शिंक आली.
आभार.